सेन्सर आठ तारखेला लागतो: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

मी कराडला एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सोळा वर्षं झाली. माझ्या मुलीला सातव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. आता ती अकरा वर्षांची आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन बनत नाही, म्हणून दिवसातून चार वेळा ते टोचावं लागतं. किती टोचायचं हे रक्तातल्या साखरेच्या आकड्यावर ठरतं. हा आकडा दोन ठिकाणांहून मिळतो: बोट टोचून ग्लुकोमीटरवर, नाहीतर दंडावर लावलेल्या सेन्सरवरून. हे पत्र त्या सेन्सरबद्दल आहे.

आपल्याकडे सेन्सरच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या मांडल्या जातात. एक, तो महाग आहे. दोन, तो कधीकधी चुकीचं दाखवतो. महागाईबद्दल आईबाप बोलतात, अचूकतेबद्दल डॉक्टर आणि कंपन्या. माझ्या घरात या दोन गोष्टी वेगळ्या राहिलेल्या नाहीत. सेन्सर महाग आहे म्हणूनच तो आमच्याकडे जास्त चुकतो. तेच तुम्हाला नीट सांगायचं आहे.

आधी गेल्या मे महिन्यातला प्रसंग सांगतो. मुलगी पाटणजवळ आजोळी होती. सेन्सर लावून पाच दिवस झाले होते. उन्हाने, घामाने चिकटपट्टीची एक कड सुटली. तिच्या आईने मायक्रोपोर टेपने ती दाबून बसवली. सेन्सरचे आकडे येत राहिले, म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामेभावंडांबरोबर अंगणात खेळता खेळता ती ओट्याच्या पायरीवर जाऊन बसली. हाक मारली तर ओ देईना. फ्रॉक घामाने पाठीला चिकटला होता. सेन्सरचा आकडा फोनवर दिसतो. तो होता १३२, बाण आडवा, म्हणजे साखर स्थिर. आईने बोट टोचलं तर ४१. ७० च्या खाली गेली की धोका असतो. ग्लुकोजची पावडर ओली करून गालाच्या आतून चोळली, पुन्हा चोळली. दहा-बारा मिनिटांनी ती रडायला लागली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. फोनवर त्या वेळीही सव्वाशेच्या वरच आकडा होता.

सेन्सर काढून पाहिला. त्वचेखाली असायला हवी ती केसासारखी तार जवळजवळ सगळी बाहेर आली होती.

हा दोष मी बनवणाऱ्याच्या माथी मारत नाही. कड सुटलेला सेन्सर वापरू नका, बदला, असं त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. चूक आमची होती. पण ती अज्ञानातून झाली नव्हती. मी लॅबमधला माणूस आहे, मला कळत होतं. बदलायला दुसरा सेन्सर घरात नव्हता. पुढचा सेन्सर आठ जूनला येणार होता, कारण माझा पगार सात तारखेला होतो.

आमचा हिशेब असा. चौदा दिवस चालणारा सेन्सर आम्हाला ४,८०० रुपयांच्या आसपास पडतो. वर्षभर अखंड लावायचा तर २६ सेन्सर लागतात, म्हणजे सव्वा लाख रुपये. माझा पगार २४ हजार आहे. बायको घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, तीन महिन्यांनी पुण्याला डॉक्टरांकडे जाणं हे सगळं वेगळं. म्हणून आम्ही महिन्याला एकच सेन्सर लावतो. आठ तारखेला लागतो, बावीसला संपतो. बावीस ते सात बोट टोचायचं. तिच्या बोटांची टोकं आता कडक झाली आहेत, नीट रक्त यायला दाबावी लागतात. आणि तसं दाबून काढलेल्या थेंबाचाही आकडा बिघडू शकतो, हे मला माहीत असून मी तेच करतो.

आता अचूकतेचं बोलतो. हा माझ्या कामाचा विषय आहे, त्यामुळे थोडा जास्त बोलेन.

लॅबमध्ये सकाळी पहिला पेशंट येण्याआधी मी मशीनवर कंट्रोल, म्हणजे पडताळणीचे नमुने, लावतो. दोन पातळ्यांचे, ज्यांची साखर किती आहे हे आधीच ठाऊक असतं. मशीनने तेवढीच दाखवली तर पुढे जायचं. नाही दाखवली तर रिपोर्ट थांबवायचे, कितीही रांग असो. सोळा वर्षांत हा नियम मी मोडलेला नाही. दंडावरच्या सेन्सरला असा सकाळचा कंट्रोल नसतो. तो कारखान्यातून जसा आला तसा लागतो आणि आपण त्याच्या शब्दावर इन्सुलिन भरतो. त्याला तपासायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे बोट टोचणं.

शिवाय सेन्सर रक्त मोजतच नाही. तो पेशींच्या भोवतालच्या द्रवातली साखर मोजतो. रक्तातला बदल तिथे पोचायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. साखर स्थिर असेल तर याने फरक पडत नाही. पण मूल धावत असेल, साखर उतरत असेल, तर फोनवरचा ९० म्हणजे काही मिनिटांपूर्वीचा ९० असतो. रात्री मूल सेन्सर असलेल्या दंडावर झोपलं, की त्या जागेवर दाब पडून आकडा खोटाच खाली जातो. पहिल्या वर्षी पहाटे पावणेतीनला अलार्म वाजला, ५४ दाखवत होता. आम्ही घाबरून तिला उठवलं, साखरेचं पाणी पाजलं. सकाळी २९० होती. आता अलार्म वाजला की मी आधी तिला दुसऱ्या कुशीवर वळवतो आणि बोट टोचतो. बहुतेक वेळा ११०-१२० निघते. नव्या सेन्सरचा पहिला दिवस तर अनेकदा भरवशाचा नसतो. काही सेन्सरांवर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसचा परिणाम होतो आणि आकडा चढा दिसतो. सर्दी झाली की मुलाला क जीवनसत्त्वाच्या गोळ्या देणाऱ्या किती घरांना हे माहीत असेल?

कंपन्या अचूकता एका सरासरीने सांगतात. प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सेन्सरचा आकडा सरासरी किती टक्क्यांनी हुकला, ती टक्केवारी. आजच्या चांगल्या सेन्सरांची ती आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास आहे, दहा वर्षांपूर्वी अकराच्या वर होती. ही प्रगती मोठी आहे आणि मी तिची कदर करतो. पण सरासरी नऊ म्हणजे प्रत्येक आकडा नऊ टक्क्यांच्या आत, असं नव्हे. काही आकडे दोन टक्क्यांनी हुकतात, काही पंचवीस टक्क्यांनी. माझ्या मुलीचं एक युनिट इन्सुलिन साखर साधारण ६० ने उतरवतं. खरी साखर २०० असताना सेन्सरने २६० दाखवली, तर एक युनिट जास्त जातं आणि १२० वर थांबायला हवी ती साखर ६० ला जाते.

बोटाच्या ग्लुकोमीटरसाठी जगभर एक मापदंड आहे. २०१३ च्या आयएसओ मानकाप्रमाणे १०० च्या वरचे ९५ टक्के निकाल १५ टक्क्यांच्या आत हवेत आणि १०० च्या खालचे १५ अंकांच्या आत. सेन्सरच्या बाबतीत अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, २०१८ मध्ये स्वतःच्या अटी घातल्या. त्यांत ७० च्या खाली किती निकाल बरोबर यायला हवेत, १८० च्या वर किती, हे वेगवेगळं सांगितलं आहे. मला ती पद्धत पटते, कारण बापाला रात्री ७० च्या खालचाच आकडा हवा असतो. आपल्याकडे दुकानात सेन्सर घेताना खोक्यावर ७० च्या खालची अचूकता मला कधी छापलेली दिसली नाही. आता ऑनलाइन स्वस्त सेन्सरही मिळू लागले आहेत. स्वस्त म्हणजे वाईटच असं मी म्हणणार नाही. त्यांतला कुठला विश्वासाचा, हे ठरवायला माझ्यासारख्याच्या हाती काही नाही, एवढंच म्हणतो.

मी एक वही ठेवली आहे. सेन्सर असताना जेव्हा जेव्हा बोट टोचतो, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी लिहितो. पाच-सहा वेळा तिला लॅबमध्ये नेऊन राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये शिरेतलं रक्तही घेतलं आणि मशीनवर लावलं. हा काही शास्त्रीय अभ्यास नव्हे. पण दोन वर्षांच्या नोंदींतून एक गोष्ट दिसते. जो सेन्सर नीट लागला, पहिल्या दिवशी बोटाने पडताळला, संशय आला तेव्हा पुन्हा पडताळला आणि कड सुटताच काढला, त्याने आम्हाला फसवलं नाही. जे मोठे फरक आहेत, शंभराच्या आसपासचेसुद्धा, ते जवळजवळ सगळे आम्ही काटकसर केली त्या दिवसांचे आहेत. टेप लावून ओढलेले दिवस, पट्टी वाचवली ते दिवस. एक पट्टी आम्हाला अठरा-वीस रुपयांना पडते. सेन्सरवर ४,८०० घातल्यावर वर पुन्हा पट्ट्या कशाला, असं घरात कुणीही म्हणतं. आम्हीही म्हणालो.

कंपनीने सांगितलेली अचूकता ही, दोन सेन्सर कपाटात आणि पट्ट्यांची डबी हाताशी असलेल्या घरात मिळते. माझ्या घरात तोच सेन्सर तेवढा अचूक राहत नाही. सरकारने किमतीकडे पाहताना हे ध्यानात घ्यावं, ही माझी पहिली विनंती.

कुणी विचारेल, एवढा त्रास आहे तर सेन्सर हवाच कशाला, पूर्वीची मुलं बोटावरच वाढली ना. वाढली, पण त्यांतल्या किती जणांचे डोळे आणि मूत्रपिंडं शाबूत राहिली हेही पाहायला हवं. १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातला डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. साखर काटेकोर ठेवली तर डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो, हे त्यात सिद्ध झालं. त्याच अभ्यासात काटेकोर ठेवणाऱ्या गटात साखर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण तिपटीच्या घरात गेलं. टाइप १ च्या घरातली सगळी ओढाताण या दोन आकड्यांत आहे. डोळे वाचवायचे तर साखर खाली ठेवा, खाली ठेवली तर मूल रात्री झोपेत घसरेल. सेन्सरचा बाण आणि अलार्म यांनी पहिल्यांदा या दोन्ही बाजू एकत्र सांभाळता येऊ लागल्या. सेन्सरच्या चौदा दिवसांत माझी मुलगी ७० ते १८० मध्ये दिवसाचा साधारण ६५ टक्के वेळ असते. उद्दिष्ट ७० टक्क्यांच्या वरचं आहे, तिथवर आम्ही पोचू. उरलेल्या दिवसांत ती किती वेळ कुठे असते, हे मला माहीतच नसतं.

किमतीचं काही करता येत नाही, असं मला कुणी सांगू नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली गेली. त्याआधी त्याच स्टेंटसाठी लाख-सव्वा लाख मोजलेली माणसं आमच्याच गल्लीत आहेत. जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने पाच उपकरणांवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. पल्स ऑक्सिमीटर, रक्तदाबाचं यंत्र, नेब्युलायझर, डिजिटल थर्मामीटर आणि ग्लुकोमीटर. ग्लुकोमीटर त्या यादीत होता, दंडावरचा सेन्सर नव्हता. गेल्या वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पट्टीमागे सुटणारा रुपया आमच्यासाठी खरा आहे आणि त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

किंमत केंद्राच्या अखत्यारीत आहे, हे मला ठाऊक आहे. पण राज्याच्या आरोग्यमंत्र्यांचं पत्र दिल्लीत वाचलं जातं, माझं वाचलं जाणार नाही. सेन्सरच्या नफ्यावर मर्यादा घाला, असं आपण प्राधिकरणाला लिहावं.

राज्याच्या हातातलं काम वेगळं आहे. केरळ सरकारची ‘मिठायी’ नावाची योजना आहे, तिथल्या सामाजिक सुरक्षा मिशनमार्फत चालते. टाइप १ च्या मुलांना तीत इन्सुलिन, पट्ट्या आणि सेन्सरही दिले जातात. ब्रिटनमध्ये मार्च २०२२ पासून टाइप १ च्या प्रत्येकाला सरकारी आरोग्यसेवेतून सेन्सर देण्याची शिफारस झाली आहे. ब्रिटनचं सोडा, पण केरळ आपल्याच देशात आहे. आपली महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता पाच लाखांपर्यंतचा उपचार देते, त्याने आमच्या भागात अनेक घरं तगली. पण ती रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. माझी मुलगी बेशुद्ध होऊन दाखल झाली तर तिच्यासाठी दार उघडेल. ती बेशुद्ध होऊ नये म्हणून घरी जे लागतं, त्याला तिथे रकाना नाही.

मी सगळ्या मधुमेहींना सेन्सर फुकट द्या असं मागत नाही. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. त्यांतल्या बहुतेकांना इन्सुलिन लागत नाही. गोळ्यांवर असलेल्या माझ्या वडिलांना सेन्सरची गरज नाही. मधुमेहच नसलेल्यांना पोळी-भाताची साखर पाहायला सेन्सर विकला जातोय, तो ज्यांना परवडतो त्यांनी खुशाल घ्यावा. मी मागतोय ते अठरा वर्षांखालच्या टाइप १ च्या मुलांसाठी. ही मुलं प्रत्येक जिल्ह्यात बोटावर नाही तरी यादीत मावतील इतकी आहेत. जिल्हा रुग्णालयात त्यांची नोंद करता येईल. शाळा तपासायला येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकांनाही त्यांतली बरीच माहीत असतील.

पण देताना एक गोष्ट कृपा करून सांभाळा. आमच्या भागातल्या एका सरकारी दवाखान्यात ग्लुकोमीटर दिले गेले. पुढच्या खरेदीत पट्ट्या दुसऱ्याच कंपनीच्या आल्या, त्या मीटरला बसेनात. मीटर कपाटात पडून राहिले. सर्वात कमी दराची निविदा मंजूर करणं हा नियम आहे, तो का आहे हे मला समजतं. सेन्सरच्या बाबतीत मात्र दराच्या आधी ७० च्या खालची अचूकता किती, हे निविदेत विचारा, आणि ती मुलांमध्ये तपासलेली आहे का हेही विचारा. आलेल्या प्रत्येक खेपेतले थोडे सेन्सर एखाद्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बायोकेमिस्ट्री विभागात प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहा. मिरजेला, पुण्याला, नागपूरला ही सोय आहे, माणसंही आहेत. हे काम किती साधं आहे ते मला माहीत आहे, मी ते रोज करतो.

तपासणीचा हा आग्रह उगाच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲबट कंपनीने आपल्या फ्रीस्टाइल लिब्रे ३ आणि ३ प्लस प्रकारातले अमेरिकेतले सुमारे ३० लाख सेन्सर खोटे कमी आकडे दाखवत असू शकतात, म्हणून वापरू नका असं जाहीर केलं. उत्पादनातला दोष होता. जगभरातून सात मृत्यूंचा त्याच्याशी संबंध असू शकतो, असं कळवलं गेलं. माझी मुलगी वापरते तो सेन्सर यांतला नव्हे. पण जगातल्या मोठ्या कंपनीच्या चांगल्या सेन्सरमध्ये हे घडू शकतं, आणि तिथे ते कंपनीच्या तपासणीत पकडलं गेलं, लोकांना झालेला त्रासही नोंदला गेला. आपल्याकडेही वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींसाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. मी लॅबमध्ये असूनही मला तो तीन वर्षांनी कळला. जिल्हा रुग्णालयाच्या दारावर मराठीत एक पाटी लावता येईल: सेन्सर, मीटर, इन्सुलिन पेन चुकला तर इथे कळवा.

आणि सेन्सरबरोबर पट्ट्या द्याच. महिन्याला दोन सेन्सर आणि पन्नास पट्ट्या. नुसता सेन्सर दिलात तर त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला जाईल, आणि ते आजोळच्या पायरीसारखं कुठल्या तरी दुसऱ्या घरात होईल. सोबत तासाभराचं शिक्षण द्या, आईला आणि आजीलाही, कारण दिवसभर मूल त्यांच्याजवळ असतं. आकडा आणि मुलाचं अंग जुळत नसेल तर बोट टोचा, एवढं जरी त्यांच्या मनात पक्कं बसलं तरी पुष्कळ झालं. माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिका हे न शिकवता शिकल्या. तिचा फोन त्या स्वतःच्या टेबलावर ठेवतात आणि अलार्म वाजला की शिकवणं थांबवून आधी तिच्याकडे बघतात, मग फोनकडे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पत्रासोबत माझ्या वहीतल्या दोन वर्षांच्या नोंदींची झेरॉक्स जोडली आहे. डाव्या रकान्यात सेन्सर, उजव्या रकान्यात बोट, आणि जिथे शिरेतलं रक्त घेतलं तिथे लाल शाईने लॅबचा आकडा. टेप लावून चालवलेले दिवस मी पेन्सिलने गोल केले आहेत. आपल्या विभागातल्या कुणा अधिकाऱ्याला मूळ वही पाहायची असेल तर मी मुंबईला घेऊन येईन. फक्त सकाळचे कंट्रोल लावून निघावं लागेल, म्हणजे पोचायला दुपार टळून जाईल.

आज एकोणीस तारीख आहे. सेन्सरचे तीन दिवस उरले आहेत.

आपला नम्र,
टाइप १ मधुमेह असलेल्या मुलीचा बाप,
कराड, जिल्हा सातारा